कीट्सचं 'न कळण्यात राहणं' म्हणजे ज्ञानाला नकार का?

पानगळ:

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, वेळ असेल तेव्हा निवांत वाचा. मी बँकेत नोकरी करते आणि बाहेरून एमए करतेय, विषय इंग्रजी. या सेमिस्टरला रोमँटिक कवी आहेत, वर्डस्वर्थ, कोलरिज, शेली, कीट्स आणि थोडासा बायरन. ज्या नोट्स हातात पडल्या त्या सगळ्यांत एकच गोष्ट फिरवून फिरवून लिहिलीय, की अठराव्या शतकाने बुद्धीला डोक्यावर बसवलं होतं आणि या कवींनी तिला खाली उतरवून तिथे भावना बसवली. मीपण मागच्या परीक्षेत हेच लिहून आले, मार्कही बरे मिळाले. पण आता मूळ कविता आणि पत्रं वाचायला घेतलीत आणि ते वाक्य पटेनासं झालंय, पूर्ण चूक आहे असं नाही पण महत्त्वाचं काहीतरी त्यातून निसटतंय.

कीट्सचं ते पत्र बघा. डिसेंबर १८१७, बावीस वर्षांचा पोरगा, भावांना लिहितोय, जॉर्ज आणि टॉमला. नाताळातलं नाटक बघून ब्राउन आणि डिल्क या मित्रांबरोबर चालत परत येताना डिल्कशी बोलता बोलता त्याच्या डोक्यात काही गोष्टी एकदम जुळल्या. तो म्हणतो शेक्सपिअरकडे जे भरभरून होतं ते म्हणजे निगेटिव्ह केपेबिलिटी, म्हणजे माणसाला अनिश्चिततेत, गूढात, शंकेत राहता येणं, वस्तुस्थिती आणि कारणं यांच्यामागे चिडचिडून न धावता.

वाचायला फार छान वाटतं. पण माझं रोजचं काम असं की संध्याकाळी कॅश टॅली झाली नाही, दहा रुपयांचा जरी फरक आला, तरी तो सापडेपर्यंत काउंटर सोडायचा नाही. तिथे 'मी अनिश्चिततेत राहते' म्हणून कसं चालेल? मग हे कवीपुरतंच खरं आहे का, की न शोधण्याला दिलेलं गोड नाव आहे? आणि दुसरं, कीट्सची नाइटिंगेल पक्ष्यावरची ओड (कुणाला तरी उद्देशून लिहिलेली कविता) संपते ती 'मी जागा आहे की झोपलोय' या प्रश्नावर, पण त्याच वर्षातली ग्रीक कलशावरची ओड संपते 'सौंदर्य म्हणजे सत्य, सत्य म्हणजे सौंदर्य, एवढंच तुम्हाला ठाऊक आहे आणि एवढंच ठाऊक असायला हवं' अशा ठाम शब्दांत. एकाच माणसाचं हे दोन्ही कसं? आणि मुळात या लोकांना शंका कसली आहे, देवाची, डोळ्यांना दिसतं त्याची, की विज्ञानाची? कोणी नीट समजावून सांगेल का.

भिंगरी:

विज्ञानाचीच. 'लामिया' या कवितेत कीट्स सरळ म्हणतो ना की थंडगार तत्त्वज्ञानाचा हात लागला की सगळी जादू उडून जाते, इंद्रधनुष्याची वीण उसवली जाते. आणि डिसेंबर १८१७ मध्येच चित्रकार हेडनच्या घरी जेवणाला वर्डस्वर्थ, निबंधकार चार्ल्स लँब, कीट्स सगळे होते, तिथे लँब आणि कीट्सचं एकमत झालं की न्यूटनने प्रिझममधले रंग दाखवून इंद्रधनुष्यातलं काव्य घालवलं. यापेक्षा स्पष्ट काय पाहिजे?

रात्रपाळी:

भिंगरी, तो प्रसंग खरा आहे पण तेवढ्यावर निकाल देऊ नका. त्या रात्री प्याले भरलेले होते आणि न्यूटनच्या नावानेच ते उचलले गेले. त्याच कीट्सने शाळेत असताना बक्षीस म्हणून खगोलशास्त्राचं पुस्तक मिळवलं होतं आणि १८१६ मध्ये चॅपमनचं होमरचं भाषांतर रात्रभर वाचून जे सॉनेट लिहिलं त्यात त्याला स्वतःचा आनंद सांगायला उपमा सुचली ती आकाश बघत बसलेल्या माणसाची, ज्याच्या नजरेत अचानक नवा ग्रह तरंगत येतो. हर्शेलने युरेनस शोधला १७८१ मध्ये, ती बातमी या ओळीमागे आहे असंच मानतात. ज्याला विज्ञानाचा राग आहे तो आनंदाची उपमा दुर्बिणीतून घेईल का?

पानगळताई, मी डॉक्टर आहे, तालुक्याच्या गावी, त्यामुळे मी कीट्सकडे थोडा आपल्या बिरादरीतला माणूस म्हणून बघतो. लोक विसरतात की हा मुलगा लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमध्ये शिकला, १८१५ मध्ये दाखल झाला, नंतर सर्जनच्या हाताखाली ड्रेसर झाला आणि जुलै १८१६ मध्ये ॲपॉथेकरीची, म्हणजे औषधं देणाऱ्या वैद्याची, परीक्षा पास झाला. तेव्हा भूल नव्हती. ड्रेसर म्हणजे पेशंटला धरायचं, जखमा बांधायच्या, पू काढायचा. त्याची ॲनाटॉमीची वही अजून जपून ठेवलीय, तिच्यात नोट्सच्या कडेला फुलांची चित्रं काढलेली आहेत. शेवटचं ऑपरेशन त्याने केलं ते एका माणसाच्या कानशिलाजवळची धमनी उघडायचं, नंतर ब्राउनला सांगितलं की हात अगदी सफाईने चालला, पण त्या वेळी डोक्यात काय काय चाललं होतं ते आठवलं तर ती सफाई चमत्कारच वाटली, आणि परत मी लॅन्सेट, म्हणजे शस्त्रक्रियेची सुरी, हातात धरला नाही.

आता तुमचा मुख्य मुद्दा. 'शंकेत राहणं' म्हणजे न शोधणं नाही हे मला कवितेतून कळलं नाही, वॉर्डात कळलं. इंटर्न असताना रात्री दोनला एक आजोबा आले, ताप, पोट फुगलेलं, जरा बरळत होते. बाहेर नातेवाईक उभे, सगळ्यांना नाव हवं, 'डॉक्टर झालंय काय?' आणि मलाही नाव हवं होतं कारण नाव दिलं की छातीवरचं ओझं उतरतं. मी टायफॉइड लिहून मोकळा झालो. सकाळी आमच्या मॅडमनी केसपेपर बघितला, एक शब्द न बोलता माझं निदान खोडलं आणि लिहिलं 'ताप, कारण शोधत आहोत'. मग म्हणाल्या, नाव दिलंस ना की तू बघायचं बंद करतोस. आजोबांचं लिव्हरमधलं गळू निघालं तिसऱ्या दिवशी.

कीट्सच्या वाक्यात तुम्ही लिहिलंय तो 'चिडचिडून' शब्दच सगळ्यात महत्त्वाचा आहे. तो शोधायला नाही म्हणत नाही, जीव शांत व्हावा म्हणून घाईघाईने काहीही उत्तर पकडायला नाही म्हणतो. तुमची टॅली जुळत नाही तेव्हा एखाद्या नोंदीवर घाईने बोट ठेवून 'हीच चूक' म्हणून मोकळं होणं आणि सगळी व्हाउचर परत एकेक करून बघणं, यातलं दुसरं त्याच्या जास्त जवळचं आहे.

ओसरी:

रात्रपाळी, छान लिहिलंत. मी तत्त्वज्ञान शिकवायचो, आता रिटायर आहे, तेव्हा त्या बाजूने थोडं सांगतो, जरा लांबेल.

'शंका कसली' हा प्रश्न अगदी बरोबर विचारलाय. या कवींच्या आधीच्या शंभर वर्षांत इंग्रजी तत्त्वज्ञानात काय झालं ते डोळ्यांसमोर ठेवा. लॉक म्हणाला सगळं ज्ञान इंद्रियांच्या वाटेने येतं. बर्कली म्हणाला मग इंद्रियांपलीकडचं जडद्रव्य मानायला आधार काय? डेव्हिड ह्यूम त्याच्याही पुढे गेला, १७३९ च्या पुस्तकात म्हणाला कार्यकारण आपल्याला दिसतच नाही, एकामागून एक गोष्टी दिसतात आणि सवयीने आपण त्यांना जोडतो, आणि 'मी' म्हणून आत बघायला गेलो तर कुठलातरी एखादा अनुभवच हाती लागतो, 'मी' सापडत नाही. त्याच पुस्तकात तो मोकळेपणाने कबूल करतो की या विचारांनी डोकं तापलं, अंधार झाला की मी जेवतो, बॅकगॅमन खेळतो, मित्रांबरोबर हसतो बोलतो आणि तीन-चार तासांनी या विचारांकडे परत यायचं म्हटलं की ते इतके थंड आणि ओढूनताणून आणलेले वाटतात की पुन्हा त्यात शिरावंसंच वाटत नाही. शंका बुद्धीने सुटत नाही, जगण्याने बाजूला पडते, हे ह्यूमनेच सांगून ठेवलेलं. रोमँटिक कवी इथून सुरुवात करतात. ते बुद्धीला हाकलत नाहीयेत, बुद्धीने स्वतःच जिथे हात टेकले तिथे ते उभे आहेत.

आणि वर्डस्वर्थला ही शंका पुस्तकातून आली नव्हती, अंगात होती. १८४३ मध्ये म्हातारपणी त्याने इझाबेला फेनविक या बाईंना आपल्या कवितांबद्दल टिपणं सांगितली, त्यात आहे की लहानपणी शाळेत जाताना बाहेरचं सगळं जग आपल्यातच आहे, बाहेर काही नाहीच असं त्याला वाटायचं आणि खरेपणाची खात्री करायला तो वाटेतली भिंत किंवा झाड हाताने घट्ट धरायचा, एकदा नाही, कितीतरी वेळा. दप्तर घेतलेलं एक पोर भिंतीला हात लावून उभं आहे आणि जग आहे ना हे तपासतंय. मी वर्गात ह्यूम शिकवताना हेच सांगायचो, मुलं एकदम गप्प व्हायची. मोठेपणी इमॉर्टॅलिटी ओडमध्ये तो त्याच अनुभवाचे आभार मानतो, बाहेरच्या वस्तूंना विचारलेल्या त्या हट्टी प्रश्नांचे.

'टिंटर्न ॲबी' परत वाचा ताई, जुलै १७९८ ची. एका जागी तो म्हणतो की मन शांत होत होत अशी अवस्था येते की आपण वस्तूंच्या प्राणात पाहतो. कवितेतला सगळ्यात मोठा ज्ञानाचा दावा. तिथे पूर्णविराम, आणि पुढचा परिच्छेद कसा सुरू होतो? 'हा जर निव्वळ पोकळ विश्वास असला, तरीसुद्धा...' म्हणजे शिखरावर पाय ठेवला आणि त्याच क्षणी स्वतःच विचारलं की हे खरं ना. आणि उत्तर पुरावा देऊन देत नाही, आठवण देऊन देतो, की जगाच्या निष्फळ धावपळीत कितीदा मी मनाने वाय नदीकडे वळलो. पुढे डोळा आणि कान यांच्याबद्दल तो म्हणतो की ते जग अर्धं घडवतात आणि अर्धं पाहतात. हा 'अर्धं घडवतात' म्हणजे, जग दिसतं त्यात मनाचाही वाटा असतो म्हणणारा जर्मन तत्त्वज्ञ कांट न वाचता, त्याच्या उंबरठ्यावर पोचणं आहे असं मला कायम वाटत आलंय.

कोकणकडा:

ओसरीकाका, वर्डस्वर्थबद्दल शंभर टक्के सहमत. पण कीट्सच्या पत्रात कोलरिजवर अन्याय झालाय आणि ते कोणीच बोलत नाही म्हणून लिहितोय. कीट्स निगेटिव्ह केपेबिलिटीचं उलटं उदाहरण म्हणून कोलरिजचं नाव घेतो, की अर्ध्या ज्ञानावर समाधान मानता येत नाही म्हणून हा माणूस गूढातून हाती आलेली एखादी सुंदर गोष्टसुद्धा सोडून देईल. ऐकायला बरोबर वाटतं कारण कोलरिजला खरंच प्रत्येक गोष्टीची सिस्टीम लागायची, पहिल्या मुलाचं नाव तत्त्वज्ञ हार्टलीवरून, दुसऱ्याचं बर्कलीवरून, मग १७९८ मध्ये जर्मनीला गेला आणि पुढे कांटने मला राक्षसाच्या हाताने धरल्यासारखं पकडलं असं स्वतःच लिहून ठेवलं. पण 'अविश्वास आपखुशीने बाजूला ठेवणं' हा शब्दप्रयोग कोणाचा? कोलरिजचाच, बायोग्राफिया लिटरेरिया या त्याच्या पुस्तकातला, आणि तोही १८१७ चाच. दोघं एकाच वर्षात एकमेकांपासून स्वतंत्रपणे जवळपास एकाच जागी हात घालतायत, की कविता वाचताना खरं-खोटं ठरवायची घाई थांबवता आली पाहिजे. मला तर कोलरिजची शंका जास्त जीवघेणी वाटते कारण त्याला खात्री हवी होती, मनापासून हवी होती, आणि ती मिळत नव्हती. ज्याला तहानच नाही त्याने पाण्यावाचून राहण्यात काय मोठेपणा.

आणि गंमत म्हणजे ११ एप्रिल १८१९ ला हे दोघं रस्त्यात भेटले, हायगेटच्या बाजूला, दोनेक मैल बरोबर चालले. कोलरिजबरोबर जोसेफ हेन्री ग्रीन होता, जो गाय्ज हॉस्पिटलमध्ये कीट्सचा डेमॉन्स्ट्रेटर, म्हणजे प्रात्यक्षिकं शिकवणारा, होता. कीट्सने भावाला कळवलंय की त्या चालण्यात कोलरिज हजार विषयांवर बोलला, नाइटिंगेल, कविता, स्वप्नं आणि त्यांचे प्रकार, भुतं. त्यानंतर काही आठवड्यांतच नाइटिंगेलची ओड लिहून झाली, 'हा भास होता की जागेपणीचं स्वप्न' असं विचारणारी. ज्याला नावं ठेवली त्याच्याच बोलण्याचं बी यात पडलं असेल असं मला वाटतं, सिद्ध करता येणार नाही.

शेलीबद्दल एक. त्याला १८११ मध्ये ऑक्सफर्डमधून काढून टाकलं ते नास्तिकतेवरच्या पत्रकामुळे हे सगळ्यांना माहीत असतं, पण त्यात मुद्दा ज्ञानाचा आहे हे सुटतं. त्याचं म्हणणं असं की विश्वास ठेवणं माणसाच्या इच्छेवर नसतं, पुरावा पुरेसा नसेल तर मन मानूच शकत नाही, मग न मानणं गुन्हा कसा? खाली सही म्हणून लिहिलेलं 'पुराव्याअभावी नास्तिक'. पाच वर्षांनी १८१६ मध्ये तो आल्प्समधल्या शामोनीच्या दरीत उभा राहून माँ ब्लाँ या पर्वतावर त्याच नावाची कविता लिहितो आणि तिथे म्हणतो की हा रानटी निसर्ग एकतर भयचकित शंका शिकवतो नाहीतर अगदी सौम्य अशी श्रद्धा. शेवटी त्या पर्वताला विचारतो, की माणसाच्या कल्पनेला जर शांतता आणि एकांत म्हणजे नुसती पोकळी वाटली असती तर तू काय असतास, पृथ्वी, तारे आणि समुद्र काय असते? आणि प्रश्नचिन्हावर कविता बंद. पर्वत काही बोलत नाही. मला ही ओळ ग्रीक कलशापेक्षा मोठी वाटते.

जुनी_वही:

कलशाच्या ओळीबद्दल मी सांगते, कारण तिथला घोळ अर्धा छपाईचा आहे. 'सौंदर्य म्हणजे सत्य' ही ओळ जानेवारी १८२० मध्ये ॲनल्स ऑफ द फाइन आर्ट्स या नियतकालिकात आली तेव्हा तिला अवतरणचिन्हं नव्हती. त्याच वर्षी पुस्तक निघालं त्यात फक्त 'ब्यूटी इज ट्रुथ, ट्रुथ ब्यूटी' एवढ्याच पाच शब्दांना आहेत. आता ठरवा कोण बोलतंय. सगळं कलश बोलतोय का, की पाच शब्द कलशाचे आणि 'एवढंच तुम्हाला ठाऊक आहे' हे कवी आपल्याला म्हणतोय, की उलट कवी कलशावरच्या त्या गोठलेल्या माणसांना म्हणतोय की बाबांनो तुमच्यापुरतं एवढंच पुरे? दोनशे वर्षं वाद चाललाय. मला कलशच बोलतोय असं वाटतं. त्याला मरण नाही, भूक नाही, म्हणून त्याला एवढं ठाम बोलणं परवडतं. त्या कवितेत आधी कवी नुसते प्रश्न विचारत असतो, ही माणसं कोण, कुठल्या गावची, हा बळी द्यायला कुठे चाललेत, त्या रिकाम्या झालेल्या गावाचं काय, आणि यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर कलश देत नाही. शेवटी एक सुविचार देतो. तेव्हा पानगळ, तुम्हाला ते ठाम बोलणं कीट्सचं वाटत नसेल तर तुमचा कान बरोबर आहे.

आणखी एक सांगायलाच हवं. निगेटिव्ह केपेबिलिटी हे शब्द कीट्सच्या सगळ्या लिखाणात फक्त एकदाच येतात, आणि त्या पत्राचं मूळ हस्ताक्षर हरवलंय. जॉर्जची विधवा बायको जॉर्जियाना हिचा दुसरा नवरा जॉन जेफ्री याने अमेरिकेत केलेली नक्कल तेवढी आहे, आणि नक्कल करताना तो चुका करायचा हे इतर पत्रांवरून माहीत आहे. म्हणजे ज्या वाक्यावर आपण हा सगळा इमला उभारतोय ते आपल्यापर्यंत पोचलंय तेच मुळी एका बेफिकीर माणसाच्या हातातून. मला हे फार लागतं.

आपल्याकडचा एक धागा जोडते. केशवसुतांनी हे इंग्रजी कवी मनापासून वाचले होते, सॉनेट मराठीत त्यांनीच आणलं, आणि १८९३ ची 'झपूर्झा' बघा, तिथे शब्दच आहेत 'ज्ञाताच्या कुंपणावरून'. कुंपण आहे हे मान्य, ज्ञात म्हणून काही आहे हेही मान्य, ते मोडायचं नाही, वरून उडी मारायची आणि तीही धीर धरून. तिथे दिसतात त्या आकृती अंधुकच आहेत, स्पष्ट नाही झाल्या. मला तो 'अंधुक' फार प्रामाणिक वाटतो.

पानगळ:

तुम्ही सगळ्यांनी किती मनापासून लिहिलंत, मी दोनदा वाचलं, एकदा बसमध्ये आणि एकदा जेवण झाल्यावर पुस्तक शेजारी ठेवून. टिंटर्न ॲबी काढून बघितली, ओसरीकाका, तुम्ही म्हणालात ते आहेच पण पानावर अजून एक दिसलं, 'इफ धिस' हे दोन शब्द ओळीच्या टोकाला नुसते लटकत ठेवलेत, 'पोकळ विश्वास' पुढच्या ओळीत येतो. इतके दिवस मी नोट्समधून वाचत होते म्हणून हे कधी दिसलंच नव्हतं.

कोकणकडा, तहानेचं पटलं. पण मग एक विचारते. ३ मे १८१८ चं रेनॉल्ड्स या मित्राला लिहिलेलं कीट्सचं पत्र वाचतेय, त्यात तर तो म्हणतो की विचार करणाऱ्या माणसाला भरपूर ज्ञान हवंच, त्याने ताप उतरतो आणि गूढाचं ओझं हलकं होतं, आणि मेडिकलची पुस्तकं देऊन टाकली नाहीत याचा आनंद आहे, परत चाळणार आहे. त्याच पत्रात ते वाक्य, तत्त्वज्ञानातली सूत्रं आपल्या नाडीवर सिद्ध होत नाहीत तोवर सूत्रं नसतातच. म्हणजे जे मी पेपरात लिहिलं ते पुसायलाच हवं. पण नाडीवर सिद्ध होणं हे त्याच्या बाबतीत नक्की कधी झालं? टॉम गेला तेव्हा?

रात्रपाळी:

टॉम १ डिसेंबर १८१८ ला गेला, क्षयाने, कीट्सनेच त्याची शुश्रूषा केली होती, त्यामुळे हो, तेव्हाही. पण मला त्याच्या पुढची एक रात्र जास्त आठवते. ३ फेब्रुवारी १८२०. थंडीत गाडीच्या टपावर बसून आला, अंगात ताप, ब्राउनने झोपायला पाठवलं. अंथरुणात शिरता शिरता खोकला आला आणि चादरीवर एक थेंब पडला. तो म्हणाला, मेणबत्ती आण ब्राउन, मला हे रक्त बघू दे. बघितलं, नीट बघितलं, आणि मग शांतपणे म्हणाला की हा रंग मी ओळखतो, हे धमनीतलं रक्त आहे, या रंगाबाबत माझी फसगत होणार नाही, हा थेंब म्हणजे माझं मरणाचं वॉरंट.

आधी मेणबत्ती मागितली बघा. मी हा प्रसंग कितीदा वाचला असेल, दरवेळी तिथे थांबतो. भीती तर तेव्हाही असणार, पण आधी उजेड, मग बघणं, आणि नाव सगळ्यात शेवटी.

त्यानंतर डॉक्टरांचं काय झालं तेही सांगतो. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये रोमला पोचल्यावर तिथल्या डॉक्टर क्लार्कनी लिहिलं की आजाराचा मुख्य भाग पोटात आहे असं दिसतंय. खायला अगदी थोडंसं द्यायचे. २३ फेब्रुवारी १८२१ ला तो गेला, पंचविसाव्या वर्षी. नंतर शरीर उघडलं तर फुफ्फुसं जवळजवळ उरलीच नव्हती, शेवटचे दोन महिने हा कशावर जगला हे डॉक्टरांना कळेना, असं रोममध्ये त्याच्याजवळ असलेल्या सेव्हर्न या मित्राने ब्राउनला कळवलंय.